मेघावतीचं शेवटचं पद

माझा मामा रुपराव हा तुसडा माणूस होता, हे मी आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कोणाला त्याच्यासाठी उगाच डोळ्याला पदर लावायला नको. तो क्लॅरिनेट वाजवायचा. नागपुरात गांधीबागेच्या मागच्या गल्लीत धोंडबाचा लग्नाचा बँड होता आणि मामा त्या बँडचा मास्तर होता. लाल कोट, खांद्यावर पिवळ्या झिरमिळ्या, डोक्यावर तुऱ्याची टोपी. तो कोट अंगात चढला की मामा कोणाच्याच बापाला भीत नसे. नवरदेवाच्या बापाला तोंडावर म्हणायचा, "तुले सूर कळत नाही त बोलू नको गा." मग मालक धोंडबा मागून हात जोडत यायचा आणि सारवासारव करायचा.

घरी तर बोलायलाच नको. मनकर्णामामीने त्याच्या तोंडून गोड शब्द ऐकला असेल तर तो त्याच्या झोपेत. भाजीत मीठ कमी पडलं तरी "बेसूर झाली" म्हणून ताट सरकवायचा. माझी आई सुभद्रा ही त्याची धाकटी बहीण. तिच्या वाटेला मात्र तो जात नसे, कारण ती त्याला जागच्या जागी उत्तर द्यायची.

एवढा ताठा कशाचा, तर तो नाटकातला होता. तरुणपणी एका संगीत नाटक कंपनीत तो रंगमंचाच्या खाली वाजवायला बसायचा. 'संगीत मेघावती' हे त्या कंपनीचं चलतीचं नाटक. राजा संशयावरून राणी मेघावतीला अरण्यात धाडतो, प्रधान कारस्थानं करतो, शेवटी राजाला पश्चात्ताप होतो आणि तो तिला बोलावणं पाठवतो. राणी येते, पण महालाच्या दाराशी थांबते. आत पाऊल टाकत नाही. तिथेच उभी राहून शेवटचं पद म्हणते आणि आल्या पावली मागे फिरते. मामाच्या मते अख्ख्या नाटकात खरं गाणं तेवढं एकच होतं, आणि नेमकं तेच कोणी ऐकत नसे. शेवटचं पद लागलं की लोकांना घर आठवायचं. कोणी चपला शोधायला लागे, कोणी झोपलेलं पोर खांद्यावर टाके, कोणी टांगा पकडायला आधीच सटके. वर राणी जीव तोडून गात असायची आणि मामाने मान वळवली की त्याला लोकांच्या पाठी दिसायच्या.

पुढे सिनेमाने त्या कंपनीचं दिवाळं काढलं. मामा क्लॅरिनेट घेऊन नागपूरला परत आला आणि पोटासाठी लाल कोट चढवला.

आता लग्नातला बँड कोण ऐकतं, तुम्हीच सांगा. नाचणारे नाचतात. पाहुण्यांचं लक्ष कोणाच्या अंगावर किती सोनं आहे याच्याकडे. वरातीमागून चालणाऱ्या बायका पाय दुखले म्हणून कुरकुरतात. बँड थांबला तरच लोकांना कळतं की तो वाजत होता. आणि थांबायचं कधी, तेही बँडच्या हातात नसतं. नवरदेव मांडवाच्या दाराशी पोचला की जे गाणं चालू असेल ते तिथेच टाकायचं आणि सलामी ठोकायची, ही रीत. गाणं कितीही रंगलेलं असो. बँडवाल्याच्या अंगात ती इतकी मुरलेली असते की त्याला विचार करावा लागत नाही. फेटा दिसला, हार दिसला, वाट देणारी माणसं दिसली की सलामी सुरू.

मामाला या सगळ्याची शिसारी होती. एकदा आईपाशी तो म्हणाला होता, "सुभे, माह्यं वाजवनं आजवर कोनी बसून नाही ऐकलं वं. कंपनीत लोक उठून जात होते, आन् इथं त कोनी बसतच नाही." सबंध आयुष्यात त्याने आईपाशी केलेली एवढी एकच तक्रार. बाकीच्या सगळ्या त्याने लोकांवर ओरडून केल्या.

साठ सालानंतर कधीतरी त्याने मेघावतीची पदं घेऊन एक मोठी रचना बांधायला घेतली. गायक नाही, नट नाही, बोलणं नाही. नुसती वाद्यं. राणीची पदं क्लॅरिनेटला दिली, राजाची कॉर्नेटला, म्हणजे आखूड पितळी तुतारीला. प्रधानाची कारस्थानं युफोनियम नावाच्या पोटफुगव्या पितळी भोंग्याकडे. अरण्यातला पाऊस ड्रमवर, तोही काडीने नाही, बोटांनी. एका पदातून दुसऱ्या पदात जायला मध्ये त्याने स्वतःचे सूर घातले. हे करायला त्याला वर्षानुवर्षं लागली, कारण लग्नसराईत वेळ नसायचा आणि बाकीच्या दिवसांत तो कोणाशी तरी भांडत असायचा. पण रचना चांगली होती. मला गाण्यातलं फार कळत नाही, तरी मी हे छातीठोकपणे सांगते.

अडचण व्हायोलिनची होती. अरण्यातला वारा त्याला व्हायोलिनवरच पाहिजे होता आणि लग्नाच्या बँडमध्ये व्हायोलिन कुठून येणार? सीताबर्डीवर 'स्वरविहार' नावाचं एक मंडळ होतं, तिथे वकील, प्राध्यापक हौसेने वाजवायचे. नानाजी वकील त्याचे चिटणीस. नानाजी भला माणूस, पण त्यांना सगळ्यांना खूश ठेवायची खोड होती, आणि असल्या माणसांपासून जपून राहावं असं माझं मत आहे. मामा एक दिवस थेट त्यांच्या ओसरीवर जाऊन उभा राहिला. आई सोबत होती, म्हणून मला हे ठाऊक आहे.

"आणि गाणार कोण?" नानाजींनी विचारलं.

"कोनी नाही."

"मग लोक ऐकतील काय?"

"गानं ऐकतील. गानारी नाही ऐकनार."

नानाजी हसले. मग मामाने ओसरीवरच क्लॅरिनेट जोडलं आणि अरण्यातलं पद वाजवलं. नानाजींच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं आणि ते म्हणाले, "दिवाळीनंतर आमचा वार्षिक कार्यक्रम आहे. करू." त्यांची अट एकच होती, की बँडवाल्यांनी लाल कोट घालायचे नाहीत, पांढरे सदरे घालायचे. मामाचीही एकच. "आमाले बसवा नाहीतर उभे ठेवा. लोक बसले पायजे."

ही चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. आषाढापासून लग्नं बंद झाली की बँडची माणसं रिकामी होत. कोणी बाजारात पोती उचले, कोणी घरं रंगवायला जाई. मामाने त्या सगळ्यांना गोळा केलं. तालमीला जागा दिली लकडगंजच्या भैय्याजींनी. त्यांची लाकूड कापायची आरा मशीन होती, आणि मागे सागवान ठेवायचं एक मोठं शेड. भैय्याजी स्वभावाने दिलदार होते. फक्त त्यांना मान घ्यायला फार आवडे. जागा दिली म्हटल्यावर प्रमुख पाहुणे तेच, हे नानाजींनी त्याच दिवशी कबूल करून टाकलं.

बँडच्या माणसांना लिहिलेलं वाचता येत नव्हतं. मामा एकेकाला समोर बसवून त्याचे सूर तोंडाने म्हणून दाखवायचा आणि त्याला पाठ होईस्तोवर शिव्या द्यायचा. व्हायोलिनवाले प्राध्यापक आधी नाकं मुरडत आले, मग शिव्या खाऊन सरळ झाले. पण एक गोष्ट काही केल्या जाईना. शेडच्या दारात कोणी आलं की बँडची सगळी माणसं दाराकडे बघायची. जन्माची सवय ती. एकदा भैय्याजींचा मुनीम नुसता डोकावला तर ड्रमवाल्या नत्थूजीने सलामीचा दणका दिलाच.

"काय बे नत्थू, वरात आली का?" मामा कडाडला.

"हात गेला मास्तर," नत्थूजी ओशाळून म्हणाला. "आन् मी म्हन्तो, त्या दिवशी मधातच कोनी पाहुना आला त?"

"आला त येऊ दे. राजा येऊ दे नाहीतर मंत्री येऊ दे. थांबाचं नाही."

मग मामाने त्यावर उपाय काढला. मी तेव्हा कॉलेजात होते. माझ्या डोक्याला त्याने आपल्या बापाचा जुना फेटा बांधला, गळ्यात झेंडूची माळ घातली आणि हुकूम सोडला, "प्रेमिला, शेवटचं पद सुरू झालं का दारातून आत ये. झोकात ये." मी झोकात यायची. जो वळून बघेल त्याचा उद्धार व्हायचा. सुरुवातीला सगळेच वळायचे. पावसाळा संपत आला तोवर मी नाचत आत गेले असते तरी कोणी पापणी हलवली नसती. मामा खूश झाला. त्याला खूश झालेलं मी तेवढंच पाहिलं.

आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात एक गोष्ट आली नाही. तालमीत मामाचं तोंड बँडकडे असायचं आणि दार त्याच्या पाठीमागे. मला फेट्यात दारातून आत येताना त्याने एकदाही पाहिलं नव्हतं.

कार्यक्रम दिवाळी आणि तुळशीच्या लग्नाच्या मधल्या दिवसांत, संध्याकाळी होता. सभागृह भरलेलं. मनकर्णामामी ठेवणीतलं लुगडं नेसून आली आणि शेवटच्या ओळीत, कडेच्या खुर्चीवर अंग चोरून बसली. आई आणि मी मधे. वेळ झाली तरी भैय्याजींचा पत्ता नव्हता. त्यांचा त्याच दिवशी दुसरीकडेही सत्कार होता. नानाजी आत जाऊन मामाला म्हणाले, "थोडं थांबू या, मास्तर. पाहुणे येतीलच."

"मी थांबत नाही," मामा म्हणाला. "आयुष्यभर नवरदेवासाठीच थांबलो. लोक बसले ना? मंग झालं."

आणि त्याने सुरू केलं.

ती संध्याकाळ मला अजून आठवते आणि अजून राग येतो. कारण सगळं उत्तम चाललं होतं. अरण्यात वारा सुटला, नत्थूजीच्या बोटांनी पाऊस पडला, प्रधानाच्या कारस्थानाला लोक हसले. माझ्या शेजारचा गृहस्थ येताना शेंगदाण्याची पुडी घेऊन आला होता, ती त्याच्या मांडीवर तशीच राहिली. कोणी खोकलं नाही. आईने माझा हात धरला होता. मग सगळी वाद्यं थांबली आणि शेवटच्या पदासाठी मामा लोकांकडे वळला. ते पद एकट्या क्लॅरिनेटचं होतं, बँडने फक्त मागून मंद सूर धरायचा. राणी दारात उभी असते, म्हणून मामाही उभा राहिला. पहिली ओळ झाली. कोणी उठलं नाही, कोणी चपला शोधल्या नाहीत. आई माझ्या कानाशी म्हणाली, "बसले हायेत वं सगळे."

तेवढ्यात समोरचं दार उघडलं.

भैय्याजी सरळ सत्कारातूनच आले होते. डोक्यावर भरजरी फेटा, गळ्यात झेंडूचे हार, मागेपुढे चार माणसं वाट करून देणारी. मामाचे डोळे तिकडे गेले. राणीच्या पदाची दुसरी ओळ अर्धी झाली होती, ती त्याच्या क्लॅरिनेटमधून तिथेच तुटली आणि सलामी सुरू झाली. बँडने दाराकडे पाहिलंही नव्हतं. त्यांना त्याने तसं शिकवलंच होतं. पण मास्तरचं क्लॅरिनेट जाईल तिकडे जायचं, हे त्यांना त्याच्याही आधीपासून माहीत होतं. कॉर्नेट उसळले, नत्थूजीने काड्या उचलल्या आणि सभागृह दणाणून गेलं. व्हायोलिनवाले प्राध्यापक गज हवेत धरून नुसते बघत राहिले.

आणि लोक उभे राहिले. पाहुणे आले, सलामी वाजली, मग माणूस दुसरं काय करणार? सगळेच्या सगळे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. भैय्याजी दोन्ही हात जोडून, मान डोलावत, मधल्या वाटेने चालत आले. त्यांना वाटलं, हे खास आपल्यासाठीच बसवलेलं आहे. ते मंचावर पोचले तसा मागून कोणीतरी ओरडला, "वन्स मोअर!" मग दहा जण ओरडले. मामा घामाने भिजून गेला होता. त्याने क्लॅरिनेट तोंडाला लावलं आणि सलामी पुन्हा वाजवली.

माझ्या मनात आलं, उठून त्या भैय्याजीचा फेटा ओढावा. पण त्यांचं काय चुकलं होतं? उशिरा येणं ही चूक धरली तर आमच्याकडे एकही प्रमुख पाहुणा उरायचा नाही. मग मला मामाचाच संताप आला. पुन्हा वाजवायचं नव्हतं तर नाही म्हणायचं होतं. जन्मभर सगळ्यांना नाही म्हटलं, त्या दिवशी कुठे गेली होती जीभ?

पुढे सगळं रीतसर झालं. नारळ झाला, दिवा लागला, भैय्याजींनी आपल्या गळ्यातला एक हार मामाच्या गळ्यात घातला आणि भाषणात म्हणाले, "मी खूप सत्कार घेतले, पण असं स्वागत माझ्या लग्नातही झालं नव्हतं." लोक पुन्हा हसले, पुन्हा टाळ्या. नानाजी मात्र मामाजवळ जाऊन हळूच म्हणाले, "मास्तर, शेवटचं पद राहिलं. घेता का?"

मामाने सभागृहाकडे पाहिलं. बाहेर चहा ठेवला होता. लोक खुर्च्या सरकवून दाराकडे निघाले होते आणि त्याला त्यांच्या पाठी दिसत होत्या.

"झालं ते," तो म्हणाला आणि क्लॅरिनेटचे तुकडे सुटे करून पेटीत ठेवले.

घरी जाताना आईला राहवेना, ती म्हणालीच, "काहून केलं गा दादा असं?"

"म्या नाही केलं," तो म्हणाला. "बोटांनी केलं." गळ्यातला हार काढायचंही त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

फजिती झाली असती तर बरं झालं असतं. चार शिव्या घालून त्याने पुन्हा कुठेतरी प्रयत्न केला असता. पण झाला गाजावाजा. तुळशीचं लग्न होताच धोंडबाकडे लोकांची रीघ लागली. ज्याला त्याला भैय्याजींना वाजवली तीच सलामी पाहिजे, आणि त्याच मास्तरने वाजवलेली. धोंडबाने लाल कोटांना नवी जर लावली. मंडळानेही पुढच्या वर्षी नाटकातल्या पदांचा कार्यक्रम केला, व्हायोलिनं होती, मोठा वाद्यवृंद होता, गायला पुण्याहून बाई आणली होती. मामालाही बोलावणं होतं. दाराशी उभं राहून पाहुण्यांना सलामी द्यायला.

तो गेला नाही. नानाजींच्या माणसाला त्याने जे ऐकवलं ते मी इथे लिहू शकत नाही. त्यानंतर तो लग्नात वाजवायचा, पण मेघावतीचं नाव काढलेलं त्याला खपत नसे. एकदा मामी म्हणाली होती, "मले वाजवून दाखवा ना ते. मी बसतो ऐकाले." तर म्हणाला, "तू बसून काय होते?" मामीने हे मला हसत सांगितलं. पण सांगितलं ते वर्षानुवर्षांनी, म्हणजे ती विसरली नव्हती. त्या एका वाक्यासाठी मी मामाला अजून माफ केलेलं नाही. एक बाई बसायला तयार होती, घरातली, फुकटची, आणि ह्याला सभागृह पाहिजे होतं.

शेवटी दम्याने धरलं आणि फुंकणं संपलं. त्र्याऐंशीच्या थंडीत तो गेला.

तिरडी उचलायच्या वेळी धोंडबाचा बँड आला. म्हातारा माणूस गेला की आमच्याकडे वाजवत नेतात. मास्तर आता नत्थूजी होता, ड्रम सोडून कॉर्नेट घेतलेला. त्याने आईला विचारलं, "सुभद्राबाई, काय वाजवू?"

आई म्हणाली, "शेवटचं पद येते का तुमाले?"

नत्थूजी म्हणाला, "येते ना. मास्तरच्या शिव्या खाता खाता ऐकूनच पाठ झालं होतं. इसरतो कसा?"

बायका चौकापर्यंत जातात आणि तिथून मागे फिरतात. चौकात बँड आमच्याजवळ थांबला, तिरडी पुढे झाली आणि नत्थूजीने पद सुरू केलं. बँडचे सगळे उभे. दुकानदार हात जोडून उभे. सायकलवाले उतरून उभे. पहिली ओळ झाली तशी माझी आई भर रस्त्यात, धुळीत, मांडी घालून बसली. सरळ बसली, हात मांडीवर ठेवून, समोर बघत. तिने काय केलंय ते मला तेव्हाच कळलं आणि मीही बसायला वाकले.

"अरे, बाईले चक्कर आली!" कोणीतरी ओरडलं. "पानी आना, पानी!" चारी बाजूंनी माणसं धावली. दुसरी ओळ अर्धी झाली होती. नत्थूजीने ते पाहिलं, कॉर्नेट खाली घेतलं आणि हात वर करून बँड थांबवला. आई ओरडत होती, "मले काही नाही झालं, वाजवा ना गा तुम्ही!" पण दुःखात बाई काहीबाही बोलते असं सगळ्यांना वाटलं. पानठेल्यावाल्याने तिच्या तोंडावर पाणी मारलं. दोघींनी काखेत हात घालून तिला उभं केलं. तोवर तिरडी पुढच्या वळणावर गेली होती, म्हणून बँड पळत तिच्या मागे गेला आणि तिकडे त्यांनी एक भजन धरलं.

आईने पदराने तोंड पुसलं, लुगड्याची धूळ झटकली. माझ्याकडे बघून म्हणाली, "बरं झालं दादा मेला वं. नाहीतर हेही पाहा लागलं असतं त्याले."

मग आम्ही बायका मागे फिरलो.